उजवीकडची कपार

सत्यशीलाबाईंना नकाशावरचं एक प्रश्नचिन्ह पुसायचं होतं. नखाएवढ्या करड्या पतंगाचं. पंख मिटले की दगडाचीच खपली, उघडले की आत केशरी पट्टा! जाणकारांच्या मते त्याचा मुलूख सातपुड्यापाशीच संपतो. त्याच्या कितीतरी खाली, जालन्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, एकच ठिपका होता. तो बाईंच्या यजमानांनी, नरहररावांनी लावलेला. पुरावा नाही म्हणून शेजारी प्रश्नचिन्ह. नरहरराव गेले आणि त्यांनी थाप मारली असावी, ही कुजबुज तेवढी मागे राहिली. ती बाईंना फार झोंबत होती.

फोटोवरून या जातीचा निवाडा होत नाही. नमुनाच लागतो.

तीन वर्षांतली ही तिसरी फेरी. सोबतीला फक्त अजमतभाई. नरहररावांची जीप तेच चालवायचे. नरहररावांच्या वहीत नोंद होती, ‘सुळक्याच्या उजवीकडची कपार.’ दोघांनी उजवीकडची भेग न् भेग धुंडाळली. हाती भोपळा!

माथ्यावर येऊन बाई मटकन बसल्या. खाली ओसाड उतार, वर नुसता वारा. नवऱ्याला एक शब्द विचारता आला असता तर, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

“साहेब बी हितंच बसायचे,” अजमतभाई म्हणाले. “चढताना दम लागायचा त्यांना. मंग वर येऊन, खाली तोंड करून समदं लिहायचे.”

बाई ताडकन उठल्या. खाली तोंड करून! म्हणजे त्यांची उजवी बाजू ती चढणाऱ्याची डावी!

डावीकडे सुटा मुरूम होता. दहा पावलं नीट पडली. अकराव्याला जमीनच सरकली! बाई घसरल्या. दगड गडगडत दरीत गेले. धावड्याच्या झाडाची एक मुळी हाताला लागली आणि त्या लोंबकळल्या.

“बाई! बिलकुल हलू नका! दोर टाकून राह्यलो!”

दोर आला. बाईंनी तो कसाबसा कमरेला बांधला, पाय टेकवले, समोर पाहिलं. कपार! आत दगडाची एक खपली हलली. केशरी पट्टा!

त्यांनी खिशातली बरणी काढून पतंगावर अलगद पालथी घातली. नरहरराव खरे होते! कपारीच्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. दुसरा एकही नव्हता.

“घावला का?”

“घावला. पण एकटाच आहे हो.”

“मंग जल्दी झाकण लावा की! साहेबांचं नाव लागंल.”

नमुना म्हणजे मेलेला पतंग. ठिपका खरा ठरणार आणि कपार रिकामी होणार. रिकामं घर कसं असतं, ते बाई तीन वर्षं भोगत होत्या. त्यांनी पतंगावरून बरणी उचलली.

वर आल्यावर अजमतभाईंनी रिकामी बरणी पाहिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. नकाशावरचं प्रश्नचिन्ह आता तसंच राहणार होतं. बाई खाली तोंड करून बसल्या, वही उघडली आणि नरहररावांच्या नोंदीखाली लिहिलं, ‘दिसला. तुम्ही म्हणालात तिथंच.’