बापांच्या रविवारची खंडणी

मी त्याची बाही धरली तेव्हा तो कोण, हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं की तो पुरुष आहे, त्याच्या मांडीवर एक लहान मुलगी झोपली आहे, आणि आज बापांचा रविवार आहे.

एवढं पुरेसं होतं. नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे बाप दिसला की बायकापोरांनी त्याला गाठायचं, शुभेच्छा द्यायच्या आणि खंडणी उकळायची. अक्रोड, सफरचंद, गोळ्या... काहीही चालतं, पण दिल्याशिवाय सुटका नाही. त्याच्या आदल्या रविवारी आयांची पाळी असते. तेव्हा पुरुषांनी आमच्या मावशीमंडळाच्या पिशव्या पार रिकाम्या केल्या होत्या, त्याचं उट्टं काढायचं होतं. जाकोवो आणि पोझेगाच्या नाताळबाजारांना निघालेली आमच्या चर्चच्या सहलीची बस सकाळी सातला विंकोव्त्सीहून सुटली, आणि गाव मागे पडायच्या आत येल्का मावशीने फर्मान काढलं, "पुढचे चार म्हातारे आमचे. तिहाना, शेवटून दुसऱ्या बाकावर तो तरुण बाप बसलाय ना, तो तुझा."

येल्का मावशी माझी सख्खी मावशी. ती सांगते आणि मी ऐकते, असा तिचा समज आहे.

"बापांच्या रविवारच्या शुभेच्छा!" मी शाळेतला आवाज लावला. "काढा खंडणी."

त्याने मान वर केली. तपकिरी डोळे, आणि या एवढ्या लांब पापण्या. पुरुषाला कशाला लागतात एवढ्या पापण्या, कोण जाणे! मी मनातल्या मनात स्वतःला दटावलं — तिहाना, कुणाचा तरी नवरा आहे तो, पापण्या कसल्या मोजतेस.

त्याने एका हाताने मुलीला सांभाळत दुसऱ्याने खिसे चाचपले. एका खिशातून दोन खिळे निघाले, दुसऱ्यातून छोटीचा मोजा, आणि बऱ्याच वेळाने एक अक्रोड.

"एवढ्यावर सुटका?" मी म्हटलं. "बायकोला विचारा, तिच्या पिशवीत काहीतरी असेल."

"बायको..." तो जरा घुटमळला. "ती अजून सापडायची आहे."

मुलगी जागी झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा माझा बाबा नाहीये. हा मिस्लाव मामा. ह्याचं लग्न नाही झालेलं. आई म्हणते, ह्याला कुणी पसंतच करत नाही."

पुढच्या बाकांवर असा काही हशा पिकला की ड्रायव्हरनेसुद्धा आरशातून मागे बघितलं. माझे कान तापले. बापांच्या रविवारी बिनलग्नाच्या पुरुषाकडून खंडणी वसूल करणारी विंकोव्त्सीतली मी पहिलीच असणार.

"द्या तो अक्रोड परत," तो म्हणाला. चेहरा गंभीर, डोळ्यांत मात्र हसू.

"घेतलेली खंडणी परत द्यायची पद्धत नाही."

"मग पंचाईत झाली. आता मला कुठूनतरी बाप व्हावं लागणार. तुम्ही काही मदत...?"

"मी शिक्षिका आहे," मी म्हटलं. "मदत फक्त गणितात करते."

आणि मी जागेवर येऊन बसले. अक्रोड मुठीत घट्ट होता. मावशी म्हणाली, "बाप नाही तर नाही. माणूस बरा दिसतोय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सपाट शेतं आणि धुकं, बघण्यासारखं काहीच नव्हतं.

जाकोवोला उतरलो तेव्हा कॅथेड्रलचे दोन्ही लाल मनोरे धुक्यात अर्ध्यावर नाहीसे झाले होते. प्रार्थना आटोपली आणि मंडळी दुकानांकडे पांगली. गरम वाईन, दालचिनी, तळणीतली भजी, सॉसेजचा धूर... आणि सगळीकडून हाका. मी हात शेकत उभी होते, तेवढ्यात समोर वाफाळता पेला आला.

"खंडणीचा दुसरा हप्ता," मिस्लाव म्हणाला. "एक अक्रोड फारच कमी होता, मलाच लाज वाटली."

"तुम्ही तर बाप नाही."

"पण पकडला तर गेलोय ना."

त्याचं बोलणं असं होतं. साधी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यानंतर एक क्षण थांबून माझ्याकडे बघणं. त्या थांबण्याने माझा गोंधळ उडत होता. मी वाईन प्यायले, जीभ भाजली, आणि भाजली नाही असं दाखवलं.

"भाजली," तो म्हणाला.

"नाही."

"शिक्षिकेने खोटं बोलू नये."

तेनाला — ती भाची, नाताळच्या सुट्टीला आजीकडे आलेली — घोडागाडीत बसायचं होतं. आम्ही तिघं बसलो. ती मध्ये, आणि तिच्या टोपीच्या गोंड्यावरून आमच्या गप्पा. तो घरांची छपरं शाकारतो, हे कळलं. खिशात खिळे का, तेही कळलं.

"यंदा सात छपरं केली," तो म्हणाला. "त्यातली पाच कुलूपबंद घरांची. मालक कुणी म्युनिकला, कुणी डब्लिनला. पैसे पाठवतात, म्हणतात, मिस्लाव, घर पडू देऊ नकोस. मी कौलं बसवतो, खाली उतरतो, आणि... चहा विचारायला आत कुणी नसतं."

"माझ्या वर्गात पहिल्या वर्षी सव्वीस मुलं होती," मी म्हटलं. "आता अकरा."

 त्याने नुसती मान हलवली. खूप महिन्यांनी कुणापाशी हे बोलले होते, आणि त्यानेही "काय करणार, दिवसच तसे आहेत" असं म्हटलं नाही. त्या क्षणी तो मला आवडला. पापण्यांचं सोडाच, तो सगळाच्या सगळा आवडला.

"मामा पण येणार आमच्याकडे आयर्लंडला!" तेना मध्येच म्हणाली. "विमानाने, माझ्याबरोबर. अठ्ठावीस तारखेला. आईने ह्याच्यासाठी काम बघितलंय, आणि माझ्या खोलीशेजारची खोली."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"हो," तो म्हणाला. "ठरलंय."

"छान," मी म्हटलं. "अभिनंदन."

माझ्या आवाजातलं ते 'अभिनंदन' मला चांगलं ओळखू आलं. वर्गातलं एखादं मूल आईबापांबरोबर कायमचं परदेशी निघालं की मी हेच म्हणते. सगळ्या मुलांच्या सह्यांचं एक कार्ड देते, हसते, दारापर्यंत सोडते. पंधरा मुलांना सोडलं. माझ्या भावाला सोडलं. तीन वर्षांपूर्वी एकाला सोडलं, त्याच्याशी माझं लग्न ठरत आलं होतं. नको जाऊस, असं कुणालाही म्हटलं नाही. आमच्याकडे तसं म्हणतच नाहीत. जाणाऱ्याच्या पायात पाय घालू नये, एवढी रीत सगळे पाळतात.

पोझेगाच्या वाटेवर मी मावशीशेजारी बसले आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं.

"उठ," मावशी म्हणाली. "झोपलीस की तुझं तोंड उघडं राहतं, आत्ता मिटलेलं आहे. काय झालं?"

"अठ्ठावीसला चाललाय तो."

"विचारलंस, का म्हणून?"

"का विचारायचं? सगळे जातात तसाच."

"मग रड इथे बसून," मावशी म्हणाली आणि सॅंडविचचा कागद उलगडू लागली. तिची माया अशीच असते.

पोझेगाला पोचलो तेव्हा बर्फ भुरभुरायला लागला होता. मोठ्या चौकात दिवे लागले होते, कॅथेड्रलजवळ बँडवाले नाताळची गाणी वाजवत होते. मी ठरवून दुसऱ्या टोकाला गेले. मध घेतला. मेणबत्त्या घेतल्या. कुणालाही नको असलेला एक लाकडी चमचा घेतला. वळले, तर तो पुढ्यात. तेनाच्या तोंडाला साखर माखलेली, आणि त्याच्या हातात एक लिसितार.

आमच्याकडचं हे लाल हृदय मधाच्या पिठाचं असतं. वर पांढरी वेलबुट्टी, मधोमध इवलासा आरसा. ते कुणी खात नाही. मुलगा देतो, मुलगी घेते आणि भिंतीवर टांगते. घेतलं की मग घरचे विचारायचं थांबतात आणि लग्नाच्या तयारीला लागतात.

त्यावर पांढऱ्या साखरेने नाव लिहिलं होतं. तिहाना.

"हे..." तो म्हणाला. "मला वाटलं... आठवण म्हणून..."

त्या 'आठवण'ने माझं डोकं सणकलं.

"आठवण?" मी म्हटलं. "तुम्ही तिकडे, आणि मी इथे रोज सकाळी त्या आरशात माझंच तोंड बघू? जाणाऱ्याचं हृदय भिंतीवर टांगून मी काय करू, मिस्लाव? नको मला."

त्याचा चेहरा उतरला. "बरोबर आहे तुमचं," तो हळूच म्हणाला. "चुकलो मी."

आणि तो वळून निघून गेला, वादसुद्धा घातला नाही. तेना मान मागे वळवून माझ्याकडे बघत राहिली.

मी तिथेच उभी राहिले. बर्फ टोपीवर साचत होता. आधी त्याचा राग आला, मग त्याच्या बहिणीचा, मग आयर्लंडचा. आणि मग ध्यानात आलं की खरा राग माझा मलाच आलाय. मी नकार दिला होता, टोमणा मारला होता, पण मनातलं बोलले नव्हते. या वेळी बोलायचं. तो हसला तरी चालेल, मावशीमंडळाने वर्षभर चिडवलं तरी चालेल. एका दिवसाच्या ओळखीवर असं कुणी बोलत नाही, हे मलाही कळत होतं. पण दुसरा दिवस मिळणार कुठून होता!

पाच वाजता बस भरली. माणसं मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी पुढून मोजत निघाले. चौतीस, पस्तीस, छत्तीस. शेवटून दुसऱ्या बाकापाशी थांबले.

"सदतीस," मी म्हटलं. "अडतीस." आणि मग, आवाज फुटायच्या आत, "जाऊ नकोस."

 पुढे कुणाची तरी पिशवी चुरचुरत होती, ती थांबली.

मिस्लाव माझ्याकडे बघत राहिला. "काय म्हणालीस?"

"जाऊ नकोस. आयर्लंडला."

त्याने हातातली टोपी बाकावर ठेवली. 

"सहा महिने सगळे एकच विचारतायत, कधी निघतोस? फादरनी विचारलं. शेजाऱ्यांनी विचारलं. आईने मोठी बॅग आणून पलंगाखाली ठेवली आणि रात्री मला कळू नये अशी रडली. पण हे... हे मला कुणीच म्हटलं नाही. एकदासुद्धा नाही."

"मी म्हणतेय."

"पुन्हा म्हण."

"जाऊ नकोस, मिस्लाव. मला तू आवडतोस. सकाळपासून आवडतोस."

"आणि राहून काय करू?"

"छपरं कर. आमच्या शाळेचं गळतंय, मुलं बादल्या ठेवून बसतात. रविवारी मला भेट. शनिवारीही भेट. वसंतापर्यंत बघ. तोवर मी नकोशी झाले, तर विमानतळावर मी स्वतः सोडेन तुला."

"आणि नकोशी नाही झालीस तर?"

"तर नाही सोडणार."

तो हसला. पूर्ण हसला, दिवसभरात पहिल्यांदाच. उठून उभा राहिला. बस इतकी अरुंद, की आमच्यात हाताएवढंही अंतर उरलं नाही. त्याच्या कोटाला बर्फाचा आणि दालचिनीचा वास येत होता. त्याने माझे गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि तसेच धरून ठेवले. पुढे कुणीतरी नाक शिंकरलं. ती मावशी होती, हे मी न बघता सांगू शकते.

"मग मला विमानात कोण नेणार?" तेनाने विचारलं.

"आई येऊन नेईल," तो म्हणाला. मग एक हात सोडवून त्याने खिशातून फोन काढला. दोन खिळे खाली पडले, कुणी उचलले नाहीत. "ताई? ऐक. मी येत नाहीये... नाही, आजारी नाही... नाही, प्यायलेलोही नाही... अगं, ऐकून तर घे..."

पलीकडचा आवाज एवढा चढला की ड्रायव्हरपर्यंत पोचला असेल. काम ठरलंय, खोली रंगवलीये, तिकीट काढलंय, तुला कुणी भरवलं हे डोक्यात? मिस्लावने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी हात पुढे केला आणि फोन त्याच्याकडून घेतला.

"नमस्कार ताई," मी म्हटलं. "मी तिहाना. त्याला मी थांबवलंय."