लाल घुबडाचं नवं नाक

मेक्सिकोतल्या पुएब्लाचा लाल घुबड डॉक्टरीणबाईंकडे निघाला, तो दाढ दाखवायला निघावं इतक्या निवांत. बसमध्येही मुखवटा घालूनच. मागच्या म्हातारीने तेवढी सही मागितली, बाकी कुणाला काही वावगं वाटलं नाही. मुखवट्याचा पैलवान चारचौघांत तोंड दाखवत नसतो, आणि याचं तोंड न दाखवण्यात गावाचंही भलंच होतं म्हणा!

मुखवट्याच्या आत होता फिदेन्सियो. त्याचं नाक उजवीकडे वळलेलं. आखाड्यात कुणीतरी त्यावर खुर्ची हाणली होती. नाकपुड्या बंद, त्यामुळे गडी म्हशीसारखा धापा टाकायचा. आणि मोसमाच्या शेवटी मुखवट्याची कुस्ती लागलेली! हरेल त्याने भर गर्दीत मुखवटा उतरवायचा. म्हणजे घुबड कायमचं संपलं.

"नुसतं नाकपुड्यांतून आत शिरून भागणार नाही," डॉक्टर ग्रिसेल्दा म्हणाल्या. "मधल्या पडद्याचा चुरा झालाय. बुडाशी चीर देऊन कातडी वर उचलीन, हाड पुन्हा मोडून सरळ करीन, बरगडीच्या मऊ हाडाचा टेकू देईन. पण मोडायच्या आधी नाक कसं होतं? जुना फोटो आण."

"सगळे मुखवट्यातलेच आहेत, बाई."

"तसला आण! कापड घट्ट असतं, नाकाचा कणा तरी दिसेल."

पठ्ठ्याने भिंतीवरचा सगळ्यात ऐटबाज फोटो काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी गुपित न फोडण्याची शपथ घेतली, दाराला कडी घातली आणि फोटो समोर ठेवून नाक घडवलं.

प्लास्टर निघालं. रस्त्यावरच्या भाजत्या मिरच्यांचा वास आत आला आणि एवढा धिप्पाड गडी आनंदाने रडला. बायको ओब्दुलिया हसत आत आली... आणि त्याचं नाक बोटाने चाचपू लागली.

"फोटो कुठला दिलास तू?"

"भिंतीवरचा."

"येड्या, तो तुझा नाही... वस्तादांचा आहे."

वस्ताद कान्देलारिओ म्हणजे पहिला लाल घुबड. याला मुखवटा देऊन गेले; स्वतःचा घालूनच पुरले गेले.

"मग काय बिघडलं?" फिदेन्सियो खिदळला. "त्यांना आता कुठे शिंकायचंय!"

कुस्तीच्या दिवशी आखाडा नुसता उसळत होता. घुबड दोरांवरून झेपावत होतं, आणि धाप? नावालाही नाही! पहिल्या रांगेतले म्हातारे टोप्या उडवत उठले, "अरे, ही तर वस्तादांची उडी!" समोरच्याचा मुखवटा उतरला आणि छप्पर उडेल असा जल्लोष झाला.

मागच्या खोलीत कडी लावून फिदेन्सियोने मुखवटा खिळ्याला टांगला. डॉक्टरीणबाई स्वतःच्या कामावर खूश होऊन आल्या होत्या. त्यांनी गार आरसा त्याच्या नाकाखाली धरला. "बघू, वारा किती सुटतो ते."

आरसा स्वच्छ. पुसला, पुन्हा धरला. स्वच्छ.

"श्वास घे ना, लबाडा!"

"घेतोय की..."

"तोंडाने सोड बरं..."

आरशावर वाफेचा ठिपकाही नाही. दारापाशी उभ्या ओब्दुलियाने खिळ्याकडे बोट दाखवलं.

खिळ्याला टांगलेल्या मुखवट्यात, नाकाच्या जागी, लाल कापड आत ओढलं जात होतं... आणि फुगत होतं. संथपणे. जिंकून आलेल्या माणसासारखं.