साठ मीटरवरची पाटी

जुन्या खाणीतल्या तळ्याकाठी मास्तर पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरून द्यायचे, आणि या कामात सख्ख्या बापालाही सूट नव्हती. टाकीतला ऑक्सिजन ज्याचा त्याने मोजायचा, टाकीवरच्या पट्टीवर आकडा लिहायचा, खाली सही ठोकायची. मग तो बहिणीचा नवरा का असेना!

आणि भाऊजी म्हणजे एक नग. "हेलियम भित्र्यांना लागतो. आपल्याला साधी हवा पुरते. खोलवर ती दारूसारखी चढते म्हणे; मला बाबा कधी चढली नाही."

"चढलेला प्रत्येक जण हेच म्हणतो," मास्तर म्हणाले.

झालं, पैज लागली. साध्या हवेवर पन्नास मीटर जायचं आणि पाटीवर गणित सोडवून आणायचं. भाऊजी गेले, आले. पाटीवर लिहिलं होतं, सात आठे 'हो'. त्याखाली मोत्यासारख्या अक्षरात: छप्पन्न.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच असणार की," भाऊजी जरा चाचरले. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

ताईपर्यंत बातमी पोचलीच. "पुढच्या वेळी तू स्वतः जा यांच्याबरोबर," तिने मास्तरांना फैलावर घेतलं. "नेलास तसा माणूस परत आणून दे, नाहीतर तोंड दाखवू नकोस."

म्हणून साठ मीटरसाठी मास्तरांनीच मिश्रण ठरवलं. त्या खोलीवर नायट्रोजन जास्त झाला तर माणूस झिंगतो, ऑक्सिजन जास्त झाला तर झटके येऊन बुडतो. तेव्हा दोन्ही कमी करून उरलेल्या जागी हेलियम. भाऊजींनी कुरकुरत मोजलं, सही केली, पुसलेली पाटी कमरेला अडकवली.

खाली डोकं अगदी लख्ख. मास्तरांनी एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला. एक चूक नाही. तेवढ्यात तळाचा गाळ उडाला आणि भाऊजी दिसेनासे झाले. मास्तरांनी दिवा चौफेर फिरवला. आता ताईला काय सांगू?

दोन मिनिटांनी गाळातून हात आला. 'ठीक आहे' अशी खूण केली.

थांबत थांबत दोघं वर आले. काठावर भाऊजी नुसते हसत बसले. एरवी तोंडाचा पट्टा बंद व्हायचा नाही. मास्तरांनी पाटी उचलली. सात आठे छप्पन्न, मोत्यासारखं.

खाली कोंबडीचे पाय: 'मास्तर, थांब.'

मास्तरांनी भाऊजींच्या टाकीचा दाबाचा काटा पाहिला. भरताना होता तिथेच.

नखाने टिचकी मारली. दुसरा काटा लावून पाहिला.

टाकी भरलेलीच होती.

संध्याकाळी ताईचा फोन आला. स्वर कसा खुशीत!

"काय जादू केलीस रे? एकवीस वर्षांत पहिल्यांदा हे न घोरता झोपलेत. मी तर घाबरलेच, नाकाशी हात धरला, तर काहीच लागेना. तोच डोळे उघडले आणि काय गोड हसले माझ्याकडे बघून!"