नदीपर्यंतची पाणंद

ही हकीकत ज्यांना खोटी वाटेल, त्यांनी शिंदखेड्याजवळच्या त्या गावात जाऊन खांदा देणाऱ्यांना विचारावे. चौघांपैकी तिघे आजही हयात आहेत.

१९८७ चा माघ. उन्हे कलली होती.

नानांची तिरडी थोरल्या मुलासाठी, अभिमनसाठी, सकाळपासून खोळंबली होती. तो दिल्लीहून आला, तो कपाळावर आठ्या घेऊनच. तिथे तो रस्त्यांचा अभियंता. शहराला वेढा घालणारा रिंग रोड, मथुरेकडे धावणारा रस्ता... उभा दिवस चालले तरी न संपणारे. आणि इथे? घरापासून नदीपर्यंतची ही पाणंद! विडी विझायच्या आत संपणारी. हिला रस्ता म्हणायचीही त्याला लाज वाटे.

पण दिवस बुडण्यापूर्वी अग्नी द्यायचा होता. नानांनी शेवटी तेवढेच मागितले होते, "अभिमनच्याच हातून."

विस्तवाचे मडके धरून तो पुढे निघाला. निम्म्या वाटेवर, लिंबाखाली, चुलतभाऊ मगन तिरडीखालून म्हणाला,

"थांब, अभिमन. आठे इसावा लेतस. नानाले जरासं टेकू दे."

"एवढ्याशा बोळाला विसावा? दिल्लीत याला कुणी रस्ता म्हणणार नाही. चला!"

"दिल्लीनं दिल्लीमा ठेव, भाऊ."

"गावंढळ कुठले," पुटपुटत तो चालत राहिला.

मागून पावले आलीच. जड, एका तालात. तो मनाशी हसला.

मडके धरणाऱ्याने मागे पाहायचे नसते. त्याने पाहिले नाही.

स्मशानाचा पत्र्याचा मांडव समोर दिसत होता...

तो चालला.

मांडव तेवढाच दूर.

घरी परतणाऱ्या गुरांच्या घंटा थांबल्या. मग पाखरे थांबली. निवडुंगावरचे वेल वाऱ्याने हलत होते, पण वाऱ्याला आवाज नव्हता. होती ती फक्त मागची पावले... खांदा बदलताना होणारी बांबूची करकर... धापा.

"मगन, पाय उचला रे! धड चालताही येत नाही तुम्हाला?"

"ओ..."

उत्तर आले. पण मागून नव्हे.

पुढून... नदीवरून.

"कोठे व्हता रे तू? नानाले आणीसन घटकाभर व्हई गयी!"

पुढच्याच पावलाला त्याच्या पायाखाली वाळू लागली. दिवस बुडाला होता. चिता पेटलेली होती.

"आम्ही लिंबखाले थांबनूत," मगन म्हणाला. "तू पुढे गया, तो दिसनाच नही. दिन बुडाले लागना, म्हनीसन मी काडी लाईसन आग दिधी."

पाणंद एकच. दोन्ही अंगांना निवडुंगाचे कुंपण. त्याला ओलांडून कोणीही पुढे गेले नव्हते.

मडक्यातला विस्तव अजून फुललेला होता. त्याचा आता काहीच उपयोग नव्हता.

"ठेव खाले," मगन म्हणाला.

अभिमनने वाकून मडके वाळूत ठेवले...

आणि त्याच्या पाठीशी, ओझे उतरवल्यावर सोडावा तसा, चौघांनी एकदम श्वास सोडला.

खांदेकरी चौघेही समोर उभे होते.

मगनने अभिमनच्या खांद्यापलीकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

त्याला काय दिसले, ते त्याने अजून कोणालाच सांगितलेले नाही. अभिमननेही विचारलेले नाही.