काळी वायर

ही घटना शंभर टक्के खरी आहे. गेल्या मार्गशीर्षात, मंद्रूपच्या शिवारात घडलेली. यात एक शब्दही पदरचा नाही, असं प्रभुने मठाच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं आहे.

त्याच पायरीवर हात ठेवून त्याने तंबाखूही सोडली होती. हे सांगताना त्याचा गाल फुगलेला होता.

तर ते असो.

भुतं म्हणे मध्यरात्री, पिंपळाखाली येतात. हे दिवेलागणीला आलं. पत्र्याच्या शेडमध्ये. ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली.

ट्रॅक्टर छोटा, द्राक्षाच्या ओळींतून जाणारा. वयाने म्हातारा. प्रभुच्या थोरल्या भावाचा, रेवणप्पाचा. त्याने तो दुसऱ्या कुणाला कधी चालवू दिला नाही. उन्हाळ्यात छातीत कळ येऊन रेवणप्पा गेला, आणि प्रभु सोलापुरातली विम्याची नोकरी सोडून शेतावर आला. आता तिथे तो आणि वहिनी काशम्मा. दोघंच.

बाग फुलोऱ्यात आली आणि धुई पडायला लागली. फुलोऱ्यात धुई म्हणजे डावणी रोग. सकाळी औषध फवारलं नाही, तर घड कुजलेच. वर्ष गेलं.

आणि ट्रॅक्टर रोज सकाळी मेलेला.

सेल्फ मारला की नुसतं... टिक्.

बसू इलेक्ट्रिशियनने आधी बॅटरी बदलली. मग पट्टा. मग डोकं खाजवत म्हणाला, "कुणाची तरी नजर हाय मालक."

"तुझीच हाय. माझ्या पाकिटावर."

बसू हसला. मग त्याने चावी काढून घेतली आणि वाकून मीटरकडे पाहिलं.

चार्जिंगचा लाल दिवा... मंद जळत होता.

चावी बसूच्या हातात होती.

प्रभु दोन पावलं मागे सरकला.

"घाबरताय काय? डायनामोतली डायोड प्लेट गेलीया. गाडी बंद असली तरी बॅटरी पीत बसतीया. प्लेट मागवतो. तवर रोज सांजच्याला बॅटरीची काळी वायर काढून ठेवा, सकाळी लावा. इसरू नका."

प्रभु त्याच संध्याकाळी विसरला.

सकाळी उठला तर धुईत शेडसुद्धा दिसेना. फवारणीची माणसं ओट्यावर बिड्या ओढत बसलेली. प्रभु पळतच गेला. बॉनेट उघडलं...

काळी वायर काढलेली होती.

टोकाला चिंधी गुंडाळून गाठ मारलेली.

त्याने वायर लावली. सेल्फ मारला. ट्रॅक्टर गरजला. ऊन पडायच्या आत बाग फवारून झाली.

"वहिनी, वायर काढलीत ते लई बरं केलंत."

"कसली वायर?" काशम्मा भाकरी थापत होती. "मी न्हाय बाई त्याला हात लावत."

प्रभुने खिशातली चिंधी दाखवली.

तिचे हात पिठातच थांबले.

"अय्यो... ही गाठ तर ह्यांची हाय. रोज सांजच्याला पाना घेऊन जायचे. टक् टक् करायचे, मग जेवायला यायचे. काय करता इचारलं की म्हणायचे, त्याला निजवून आलो."

म्हणजे बिघाड रेवणप्पाला ठाऊक होता. प्लेट बदलायची सोडून तो वर्षानुवर्षं वायर काढत राहिला. चिकटपणा घराण्यात आहे, हे प्रभुही नाकारत नाही.

त्या संध्याकाळी प्रभुने वायर मुद्दाम तशीच ठेवली. बॉनेट लावलं. चावी एका खिशात, पाना दुसऱ्या खिशात. आणि स्वतः ट्रॅक्टरच्या सीटवर बसला.

समोर घराचं दार उघडं. चुलीपाशी वहिनी दिसत होती.

मीटरवर लाल दिवा मंद जळत होता.

बाहेर अंधारत आलं... ट्रॉलीखालचं कुत्रं उठलं. भुंकलं नाही. शेपूट हलवत बॉनेटपाशी आलं... आणि कुणाच्या तरी पायाशी बसावं तसं बसलं.

टक्.

टक्... टक्...

लाल दिवा विझला.

"आण्णा?" प्रभु म्हणाला.

उत्तर आलं नाही. आलं असतं, तर प्रभु आज पुन्हा विमा विकत असता.

बऱ्याच वेळाने त्याने बॉनेट उघडलं. वायर काढलेली. नवी चिंधी. तीच गाठ.

दुसऱ्या दिवसापासून काशम्मा केस विंचरून, दिवेलागणीला चहाचा कप घेऊन शेडात जाऊ लागली. वायर रोज निघत होती. बाग रोज वाचत होती. प्रभु मात्र अंधार पडायच्या आत दार लावून घेत होता.

मग बसू प्लेट घेऊन आला.

"भावजी, नका बसवू," काशम्मा म्हणाली.

"वहिनी, एखाद्या दिवशी वायर निघाली नाही तर? बाग जाईल की हातची."

"जित्तेपणी एक दिस चुकले न्हाईत. आता चुकतील व्हय?"

प्रभु प्लेट उलटीपालटी करून पाहू लागला.

"दुरुस्त झालं तर ते कशाला येतील, भावजी?"

बसूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बसवू का नको? मला बाजार गाठायचाय."

"बसव," प्रभु म्हणाला.

बागेसाठी म्हणाला की भीतीपोटी, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. झोप लागत नाही तेव्हा तो ठरवायचा प्रयत्न करतो. झोप बहुधा लागत नाही.

त्या संध्याकाळी काशम्मा चहा घेऊन शेडात बसली. प्रभु दारातच उभा राहिला.

मीटर काळाच होता.

कुत्रं ट्रॉलीखालून उठलं नाही.

चहावर साय धरली. ती उठली, कप घासला, पालथा ठेवला आणि प्रभुचं ताट वाढलं.

तेव्हापासून ट्रॅक्टर पहिल्याच सेल्फला चालू होतो.