संध्याकाळचं माप

तो दिवा जरा बारीक कर. विझवू नकोस, बारीक कर. आणि खिदळणं पुरे, कारण ही काही कुठूनतरी कानावर आलेली गोष्ट नाही. माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागून जे बुटांचं दुकान आहे ना, त्या बूटवाल्याची आहे.

हातानं बूट शिवणारा माणूस. जिभेला हाड नाही, पण हातात जादू. देवाधर्माशी त्याचा छत्तीसचा आकडा. रविवारी बायको चर्चला निघाली की हा दुकान उघडायचा. ती दरवर्षी त्या संताच्या कबरीपर्यंत पायी जायची, चार दिवसांची वाट. हा म्हणायचा, "तू तिकडे पुण्य कमव, मी इकडे टाचा ठोकतो."

तर गेल्या वर्षी हाच माणूस एका सकाळी फादरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. म्हणाला, "यात्रेला माझंही नाव घाला."

फादरनी चष्म्यावरून पाहिलं. "पाय दुखतील हं."

"दुखू देत. दुखायलाच हवेत."

त्याचं कारण सांगतो. त्याच्या आदल्या यात्रेला त्यानं बायकोसाठी पहिल्यांदाच बूट शिवले होते. आता, पायाचं माप घ्यायचं ते संध्याकाळी. दिवसभरानं पाय सुजतो, आणि बूट त्या सुजलेल्या पायाला बसायला हवा. गिऱ्हाइकांना हा मुद्दाम संध्याकाळीच बोलवायचा. पण बायको काय, घरचीच! सकाळी ती चहा ओतत होती, तिथंच पायाखाली कागद सरकवला, पेन्सिल फिरवली, झालं माप.

बूट चावला. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण नवऱ्यानं शिवलेला. त्यात तिला साखरेचा आजार. शेवटच्या रात्री, जिथून कबरीवरचा दिवा दिसायला लागतो त्या लहानशा पुलावर ती खाली बसली, ती उठलीच नाही. गाडीत घालून दवाखान्यात नेली. पाय काळा पडला होता. आठवड्यात गेली. जाण्याआधी ह्याला काय म्हणाली ठाऊक आहे? "बूट छान आहेत हं. माझाच पाय वाईट."

कोण हसलं रे? नाही ना? मग ठीक.

वर्षभर हा माणूस मेल्यासारखा जगला. मग तिच्या जुन्या, सैल पडलेल्या चपलेवरून माप काढून त्यानं नवी जोडी शिवली. कबरीपाशी नेऊन ठेवायची म्हणून पिशवीत घातली. स्वतःच्या बुटांच्या नाड्या मात्र करकचून आवळल्या आणि निघाला.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. अमावास्या. पहाटेच्या प्रार्थनेला कबरीपाशी पोचायचं म्हणून सगळे रात्रीच चालत होते. पुढे क्रूस, मागे गाणी म्हणणारी माणसं. ह्याची टाच फुटली होती. पूल आला तसा हा मुद्दाम मागे राहिला आणि कठड्याला टेकून बसला. गाणं लांब गेलं. मग ऐकूच येईना.

दोनच्या सुमारास मागून पावलं आली.

अनवाणी. एक पाऊल नीट... एक ओढत.

त्यानं ओळखलं. घरात इतकी वर्षं ऐकलेलं पाऊल. आता लंगडत होतं.

म्हणजे ती अजून चालतच होती. अजून पोचलीच नव्हती.

मान वळवायची हिंमत झाली नाही. त्यानं चाचपडत पिशवीतून नवे बूट काढले. नाड्या सोडल्या. रस्त्यावर ठेवले.

"घाल गं," तो म्हणाला. "ह्या वेळी सैल शिवलेत."

पावलं थांबली.



"चुकलं माझं. सकाळी घेतलं गं माप..."

मग समोर कोणीतरी खाली बसलं. कपड्यांची सळसळ झाली. त्याच्या घोट्याला बोटं लागली. गार. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. आणि लहान मुलासारखा रडला. कधी डोळा लागला, त्याला आठवत नाही.

उजाडता उजाडता यात्रेतल्या नर्सबाई त्याला शोधत परत आल्या. नवे बूट ठेवले होते तिथंच होते. कोरे. हे सांगताना तो मला म्हणाला, "अनवाणीच गेली रे ती. माझे बूट नाही घातले तिनं."

पण त्याचा एक पाय त्याच्या बुटाबाहेर होता. टाच स्वच्छ धुतलेली. वर पांढरी पट्टी.

"ही कोणी बांधली?" बाई म्हणाल्या. "औषधांची पेटी तर रात्रभर माझ्या खांद्याला आहे."

त्यांनी खाली वाकून पट्टीत बोट घालून पाहिलं. बोट सहज आत गेलं.

पट्टी सैल होती. दिवसभरानं पाय सुजेल, तेवढी जागा सोडून बांधलेली.