शिडी धरणारा

"शिडीवरचा माणूस 'खाली आलो' म्हणेपर्यंत धरणाऱ्याने हात काढायचा नाही," इंगेब्योर्गने कागदावरून वाचले. बर्गेनच्या टेकडीवरल्या त्या सोसायटीत दर एप्रिलला दुग्नाद असे, म्हणजे रहिवाशांनीच मिळून करायची डागडुजी. आणि दर एप्रिलला हाच नियम वाचून तिचा घसा कोरडा पडे.

"ऐकलं हो, सुरक्षामंत्री!" सिवर्त म्हणाला. "वॅफल किती वाजता?"

"गेल्या वर्षी हालवारनेही हेच विचारलं होतं."

कॉफीची घंटा ऐकून हालवार शिडी सोडून गेला होता आणि वरून टोरून कोसळली होती. तिच्या कमरेचे हाड मोडले. "एवढं साधं धरता येत नाही तुला?" इंगेब्योर्ग त्याच्यावर सर्वांदेखत ओरडली होती. त्यानंतर तो घराबाहेर फारसा दिसला नाही. जानेवारीत त्याला पुरले.

पन्हळ साफ करायला कोणी पुढे होईना, तेव्हा वैतागून ती स्वतःच चढली. खाली सिवर्त. पायऱ्या पावसाने निसरड्या. पन्हळीत मागल्या शरदाची पाने, काळी, एकमेकांना चिकटलेली, विसरलेल्या पत्रांसारखी. शिडी सारखी डुगडुगत होती.

"नीट धर रे! तो मोबाईल आधी खिशात घाल!"

"धरलीय गं बाई. पोटात कावळे ओरडतायत, तेही धरू का?"

घंटा वाजली.

"सिवर्त, सोडायची नाही हं!"

उत्तर आले नाही. पण शिडी एकाएकी स्थिरावली. जणू ती भिंतीतूनच उगवली होती. एकदाचे समजले या माणसाला, असे मनाशी म्हणत ती पाने ओरबाडत राहिली.

मग तिला अंगणापलीकडे, टेबलाशी, सिवर्त दिसला. हातात वॅफल, ओठाला जाम. तो तिला हसून खुणावत होता.

तिने खाली पाहिले नाही.

एक पायरी. दुसरी. घोट्यापाशी कोणाचा तरी ऊबदार श्वास.

तिसऱ्या पायरीला हालवारच्या पाइपमधल्या तंबाखूचा वास.

पाय चिखलात टेकले. समोर कोणी नव्हते.

"खाली आले," ती पुटपुटली. "सोड आता, हालवार."

शिडी हलली नाही. सिवर्तने ओढून पाहिली, मग आणखी दोघांनी. "अडकलीय कुठेतरी," तो म्हणाला. पण त्याने पुन्हा हात लावला नाही.

काठी टेकत टोरून आली. दुसऱ्या हातात कॉफीचा पेला.

"टोरून, त्या दिवशी तुझं 'खाली आले' म्हणायचं राहिलं," इंगेब्योर्गचा आवाज चिरकला. "तू म्हण, म्हणजे सोडेल तो. मीही फार बोलले गं त्याला. पुरे झालं आता."

टोरूनने शिडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. सावकाश एक घोट घेतला.

"मी नाही म्हणणार," ती म्हणाली. "धरू दे."

वारा पडला होता. शिडीचे दोन्ही दांडे छातीच्या उंचीवर बारीक थरथरत होते, फार वेळ ओझे पेललेल्या हातांसारखे.